साठ मीटरची रेघ : नाहूरच्या एका इमारतीच्या ड्रोन-पाहणीचे प्रकरण

नाहूर स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांवर, पूर्वी कारखाना असलेल्या जमिनीवर २००६ साली उभ्या राहिलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे हे प्रकरण आहे. इमारतीच्या तळाला पार्किंग आणि वर २२ मजले असून जमिनीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंतची उंची सुमारे ७२ मीटर आहे. २०२४च्या पावसाळ्यात सोळाव्या मजल्यापासून वरच्या, पश्चिमेकडील सदनिकांत गळती इतकी वाढली की दोन घरांत पलंग भिंतीपासून दूर ओढून झोपावे लागत होते. बाहेरच्या भिंतींची पाहणी ड्रोनने करून घ्यावी, असा ठराव संस्थेने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केला. कामाला येतील अशी छायाचित्रे मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये हाती आली. प्रत्यक्ष उड्डाणाचा एकूण वेळ तीन तासांहूनही कमी होता. मधले चार महिने कुठे गेले आणि त्यांची किंमत कोणत्या रूपात मोजावी लागली, हा या टिपणाचा विषय आहे. संस्थेने नेमलेल्या संरचना अभियंत्यांच्या कार्यालयातर्फे मी या कामात होतो. संस्थेची आणि व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ड्रोनच का, हा प्रश्न पहिल्याच सभेत निघाला होता आणि तो रास्त होता. इमारत अठरा वर्षांची झाली होती. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी करायचे असते, आणि या संस्थेचे ते लांबलेलेच होते. एरवी अशा कामासाठी गच्चीवरून झुले सोडतात. कारागीर हातोडीने भिंत ठोकत खाली उतरतो आणि जिथे ‘पोला’, म्हणजे पोकळ, आवाज येतो तिथे खडूने खूण करतो. पद्धत खात्रीची आहे, पण २२ मजल्यांच्या चार बाजू अशा तपासायला आठवडे लागतात आणि प्रत्येक उतरणीत माणसाचा जीव दोरावर असतो. शिवाय कंत्राटदाराने पश्चिमेची संपूर्ण भिंत खरवडून नव्याने प्लास्टर करण्याचे अंदाजपत्रक आधीच देऊन ठेवले होते, आणि ते खरे की फुगवलेले हे ठरवायला समितीकडे काहीही आधार नव्हता. भिंतीचा एकसंध, मोजता येईल असा नकाशा हवा होता. उष्मा टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन तो देऊ शकतो.

पहिले उड्डाण आणि अडीचशे ग्रॅमचा गैरसमज

संस्थेच्या सचिव निवृत्त बँक अधिकारी आहेत. कागदाशिवाय पाऊल न टाकणाऱ्या या बाईंनीही पहिल्या वेळी एका परिचित छायाचित्रकारावर विश्वास ठेवला, कारण तो लग्नसमारंभात ड्रोन उडवत असे आणि त्याचे दर तज्ज्ञ कंपनीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच होते. परवानगीबद्दल विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर मुंबईत आजही रोज कुठेतरी ऐकू येते: “मॅडम, अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, याला काही लागत नाही.”

या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. २५ ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांत वजनावरून पाच वर्ग केलेले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्याहून जड ते मोठे. नॅनो ड्रोनला प्रकार-प्रमाणपत्र, म्हणजे त्या बनावटीच्या यंत्राला मिळणारी अधिकृत मान्यता, लागत नाही, तो चालवणाऱ्याला दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही आणि त्रयस्थ विम्याची सक्तीही नाही. मायक्रो ड्रोन व्यवसायासाठी वापरला, तर मात्र वैमानिकाचे प्रमाणपत्र हवेच. छंद म्हणून उडवणाऱ्याला असलेली सूट धंद्याला नाही. परंतु ही सर्व सवलत यंत्राविषयी आणि माणसाविषयी आहे, जागेविषयी नाही. सरकारी नकाशात लाल (मनाईच्या) आणि पिवळ्या (पूर्वपरवानगीच्या) दाखवलेल्या पट्ट्यात उडण्यासाठी लागणारी परवानगी नॅनोला माफ नाही, आणि मुंबई पोलिसांचे प्रतिबंधात्मक आदेश तर ड्रोन एवढाच शब्द वापरतात, वजन विचारत नाहीत.

छायाचित्रकाराने ड्रोन गच्चीवरून सोडला. पश्चिमेची भिंत वरून खाली टिपायची असल्याने त्याला ते सोयीचे वाटले. शेजारच्या इमारतीतील कोणीतरी खिडकीसमोर ड्रोन पाहून पोलिसांना दूरध्वनी केला आणि पाऊण तासात दोन शिपाई गच्चीवर आले. पोलीस ठाण्यात जबाब नोंदवताना छायाचित्रकार पुन्हा पुन्हा सांगत होता की आपण फार तर दहा मीटर वर गेलो. तो खोटे बोलत नव्हता. ड्रोनच्या पडद्यावरील उंची जिथून उड्डाण केले तिथून मोजली जाते. गच्चीवर ठेवलेल्या यंत्राला गच्ची म्हणजेच शून्य. पडद्यावर १० दिसत असताना तो जमिनीपासून ८२ मीटरवर होता, आणि या विशिष्ट जागी ६० मीटरच्या वरचे आकाश त्याच्यासाठी मोकळे नव्हते. समज देऊन त्याला सोडण्यात आले, मेमरी कार्ड मात्र ठाण्यात राहिले. समितीतील दोन सदस्यांनी ‘आता ड्रोनचे नाव नको’ अशी लेखी भूमिका घेतली. ऑक्टोबर संपत आला होता.

नकाशावरची वर्तुळे

ही ६० मीटरची मर्यादा कुठून येते, हे समजल्याशिवाय पुढचे काही उलगडणार नाही. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये डिजिटल स्काय या मंचावर देशाच्या आकाशाचा रंगीत नकाशा प्रसिद्ध केला. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या कड्यात जमिनीपासूनच पिवळा पट्टा सुरू होतो आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची पूर्वपरवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात ६० मीटरपर्यंत हिरवे आणि त्यावर पिवळे. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीविना काहीच नाही.

आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. सांताक्रूझचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या मधोमध आहे. त्याच्या ८ किलोमीटरच्या परिघात वांद्रे, कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, पवई हे सगळे आले, आणि शहरातील नव्या उंच इमारतींचा मोठा हिस्साही आला. पश्चिमेला जुहूची धावपट्टी आहे. दक्षिणेला नौदलाची गोदी आणि कुलाब्याचा हेलिकॉप्टर तळ, पूर्वेला तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात गावठाणाची मोजणी किंवा ऊस-कापसावरची फवारणी ड्रोनने होते तेव्हा आकाश बहुतांशी हिरवे असते, आणि नियम सुटसुटीत झाले ही तिथली भावना खरी आहे. मुंबईत तोच नियम वाचणारा माणूस निराळ्याच देशात असल्यासारखा वागतो.

आमची इमारत ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात येत होती. तळमजल्याचे चार मीटर आणि पुढे प्रत्येक मजल्याचे सुमारे ३.१ मीटर धरले तर ६० मीटरची रेघ अठराव्या मजल्याच्या डोक्यावरून जाते. एकाच भिंतीचे खालचे अठरा मजले हिरव्यात आणि वरचे चार पिवळ्यात. गळतीच्या सर्वांत वाईट तक्रारी एकोणिसाव्या ते एकविसाव्या मजल्यांवरच्या होत्या. हा योगायोगही म्हणता येणार नाही: मुंबईत पावसाचा मारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, वर वाऱ्याचा जोर अधिक असतो, आणि आडोसा देणारी शेजारची इमारत सतरा मजल्यांवर संपत होती.

जाता जाता एक नोंद. ही इमारत बांधताना तिच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागले होते, आणि त्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी तो जुना कागद शोधून आणला आणि “एवढ्या उंचीची परवानगी तर आपल्याकडे आहेच” असे सभेत मांडले. सिमेंटच्या भिंतीला मिळालेली परवानगी तिच्यासमोर तरंगणाऱ्या यंत्राला लागू होत नाही, हे पटवायला अर्धी सभा गेली.

दोन सरकारे, एक आकाश

दुसऱ्या वेळी संस्थेने या कामातील व्यावसायिक कंपनी निवडली. तिच्याकडे प्रकार-प्रमाणपत्र मिळालेला, देशात तयार झालेला, २ किलोच्या आतला ड्रोन होता. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी असल्याने देशी बनावटीला बाजारात बरेच महत्त्व आहे. यंत्राचा नोंदणी क्रमांक, वैमानिकाचे प्रमाणपत्र आणि त्रयस्थ विमा असे सगळे कागद एका धारिकेत लावलेले होते. यातली सरकारी शुल्के किरकोळ आहेत: नोंदणीला १०० रुपये, वैमानिकाच्या प्रमाणपत्रालाही १०० रुपये आणि त्याची मुदत दहा वर्षे. नियम मोडल्यास दंड मात्र एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. कंपनीच्या वैमानिकाने पहिल्याच बैठकीत सांगितले की नकाशा हा सोपा भाग आहे, खरा प्रश्न पोलीस आदेशाचा आहे.

मुंबई पोलीस अनेक वर्षांपासून ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमाने, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून अशा साधनांच्या उड्डाणावर बंदी घालणारे आदेश काढत आले आहेत. आदेश साधारण महिनाभराचा असतो आणि संपत आला की नवा निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, आणि तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते. पोलिसांची स्वतःची हवाई टेहळणी आणि पोलीस उपायुक्त, अभियान यांनी लेखी दिलेली खास परवानगी, एवढेच अपवाद असतात.

येथे कायद्याचा एक अवघड सांधा आहे. हवाई वाहतूक हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघ सूचीतील २९वा विषय आहे, तर सार्वजनिक सुव्यवस्था ही राज्य सूचीतील पहिली नोंद आहे. ड्रोन नियमांनी राज्य शासनाला आणि कायदा-सुव्यवस्था यंत्रणेला तात्पुरता लाल पट्टा जाहीर करण्याचा अधिकार दिला आहे, पण एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी. केंद्राचा नकाशा नाहूरचे आकाश ६० मीटरपर्यंत हिरवे दाखवतो. त्याच वेळी पोलीस आदेश संपूर्ण बृहन्मुंबईचे आकाश तीस-तीस दिवसांसाठी बंद ठेवतो. ९६ तासांची मर्यादा असताना महिन्यामागून महिना बंदी चालू ठेवता येते का? पोलिसांचा आदेश विमान वाहतुकीचे नियमन करत नाही, तो धोका टाळतो, असे एका बाजूने म्हणता येईल. विशेष नियम असताना सामान्य अधिकार वापरून त्याची मर्यादा ओलांडता येऊ नये, असे दुसऱ्या बाजूने म्हणता येईल. मला दुसरी बाजू अधिक सयुक्तिक वाटते. तरीही हा वाद गळतीने बेजार झालेल्या संस्थेच्या खर्चाने आणि एका तरुण वैमानिकाच्या नावावर गुन्हा नोंदवून घेऊन लढवावा, असे मी कोणाला सांगणार नाही. शिवाय हे आदेश हौसेने निघत नाहीत. २००८च्या २६ नोव्हेंबरचा अनुभव या शहराला आहे, आणि जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर स्फोटके टाकली गेली ती ड्रोननेच.

मुंबईत या व्यवसायाची सुरुवातही अशाच ओढाताणीत झाली होती. मे २०१४ मध्ये लोअर परळच्या एका पिझ्झा दुकानाने वरळीच्या उंच इमारतीत ड्रोनने पिझ्झा पोचवल्याची चित्रफीत गाजली, पोलिसांनी विचारणा केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरी वापरच थांबवला. तो २०१८च्या डिसेंबरपासून अटींसह पुन्हा सुरू झाला. मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले ते इतके किचकट होते की पाचच महिन्यांत मागे घ्यावे लागले. त्यांतले अर्जांचे पंचवीस नमुने ऑगस्टच्या नियमांत पाचावर आले. केंद्राने कागद कमी केले, शहरातला एक कागद मात्र तसाच राहिला.

कंपनीने नोव्हेंबरमध्ये अर्ज तयार केला, पण दाखल करण्याची घाई करू नये असा सल्ला दिला. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, पाठोपाठ मतमोजणी, डिसेंबरच्या सुरुवातीला आझाद मैदानावर शपथविधी. अशा बंदोबस्तात खासगी इमारतीच्या भिंतीसाठी परवानगी मागणे म्हणजे नकार ओढवून घेणे, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबरच्या मध्यावर अर्ज गेला. त्यासोबत सर्वसाधारण सभेचा ठराव, संरचना अभियंत्याचे पत्र, ड्रोनचे व वैमानिकाचे कागद, विमा, नकाशाची प्रत, उड्डाणाचा आराखडा आणि वेळ जोडलेली होती. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचा बंदोबस्त आडवा आला. लेखी परवानगी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवसांसाठी मिळाली.

खिडक्यांचा प्रश्न

याच काळात संस्थेच्या आत दुसरी परवानगी मागितली जात होती, आणि ती मला पोलीस परवानगीइतकीच महत्त्वाची वाटते. विशेष सभेत बाराव्या मजल्यावरील एका महिला सदस्याने विचारले, “आमच्या शयनगृहाच्या खिडकीसमोर कॅमेरा थांबणार, त्यात काय दिसते ते कोण पाहणार, आणि ते चित्र पुढे कुणाच्या संगणकावर राहणार?” समितीकडे उत्तर नव्हते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात म्हटले आहे, महिलेच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, हे सगळे सांगता आले. पण सदस्याला कलमे नको होती, व्यवस्था हवी होती.

सभेने शेवटी जे ठरवले ते साधे होते. उड्डाणाच्या आठवडाभर आधी प्रत्येक घरी लेखी सूचना द्यायची आणि त्या तासांत पडदे लावून ठेवायचे. वैमानिकाच्या पडद्यामागे संस्थेचे दोन सदस्य उभे राहतील, त्यांतील एक महिला असेल. भिंतीपासूनचे अंतर आठ ते दहा मीटर राहील. मूळ चित्रण संस्थेच्या ताब्यात येईल, कंपनी अहवालापुरती खिडक्या पुसट केलेली छायाचित्रेच ठेवेल, आणि शेजारच्या इमारतीचा भाग कुठेही आला तर तो कापला जाईल. शेजारच्या संस्थेला पत्र द्यावे ही सूचना सचिवांची. पहिल्या वेळी तक्रार तिकडूनच गेली होती. दुसऱ्या वेळी तिकडचे अध्यक्ष उड्डाण पाहायला येऊन उभे राहिले.

उड्डाण, घारी आणि ऊन

वरच्या चार मजल्यांचे काय करायचे, यावर आमच्यात मतभेद होते. पिवळ्या पट्ट्यासाठी वेगळा अर्ज करता आला असता, पण त्यात आणखी किती आठवडे जातील हे कोणी सांगू शकत नव्हते आणि पोलीस परवानगीची तारीख निघून गेली असती. आमच्या कार्यालयाने सुचवले की ड्रोन जमिनीवरूनच सोडावा, त्याची कमाल उंची यंत्रातच ५५ मीटरला बांधून टाकावी आणि वरचे चार मजले झुल्याने तपासावेत. गच्चीवरून चार मजले उतरणे हे बावीस मजले उतरण्यापेक्षा निराळेच काम आहे. झुला जिथे सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त पडतो तिथेच ड्रोनला मनाई होती. अध्यक्षांना हे ‘अर्धे काम’ वाटले. मला ते या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता उड्डाण सुरू झाले. परवानगीत वेळ सकाळी सात ते अकरा अशी होती, कारण अर्ज भरणाऱ्याने सवयीने तीच लिहिली होती. सकाळी वारा कमी असतो, म्हणून कंपनीचे बहुतेक काम त्या वेळी चालते. साध्या छायाचित्रांसाठी ते ठीकच होते. उष्म्याच्या चित्रणासाठी मात्र ती वेळ निरुपयोगी ठरली. ऊन लागलेल्या भिंतीत जिथे प्लास्टर सुटून मागे हवेची पोकळी झालेली असते तिथे उष्णता आत काँक्रीटमध्ये जाऊ शकत नाही आणि तो डाग आजूबाजूपेक्षा गरम दिसतो. जिथे ओल असते तिथे बाष्पीभवनामुळे डाग थंड दिसतो. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी सात ते अकरा ऊनच नसते. पडद्यावर सारी भिंत एकाच करड्या रंगाची दिसत होती. एवढे कागद जमवूनही भिंतीवर ऊन केव्हा येते हे अर्ज करताना कोणी विचारले नाही, आणि त्या कोणांत आमचे कार्यालयही आहे. त्याच दुपारी सचिव स्वतः अर्ज घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवसासाठी दुपारी तीन ते सहा अशी दुरुस्ती मिळवली.

पहिल्या दिवशीची आणखी एक अडचण कुठल्याच नियमात नाही. शेजारच्या गच्चीवरील मोबाइल टॉवरवर घारींचे घरटे होते, आणि फेब्रुवारी हा त्यांच्या विणीचा काळ. तिसऱ्या उड्डाणात एक घार दोनदा ड्रोनवर झेपावली. वैमानिकाने उड्डाण लगेच आवरले आणि पुढची सगळी उड्डाणे टॉवरपासून दूरच्या कोपऱ्यातून घेतली. उंच इमारतींच्या दरीत उपग्रहांचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि ड्रोनला स्वतःची जागा चुकीची वाटू शकते, त्यामुळे भिंतीजवळ तो हातानेच चालवावा लागला. एका बॅटरीवर कागदोपत्री अर्धा तास, प्रत्यक्षात अठरा मिनिटे.

खरी किंमत दुसऱ्या दिवशी कळली. दुपारच्या उन्हात पोकळ प्लास्टरचे डाग स्पष्ट दिसू लागले. पावसाची मुरलेली ओल मात्र जवळजवळ कुठेच दिसेना. दिसणार कशी? पाऊस संपून चार महिने झाले होते आणि भिंत वाळली होती. ऑक्टोबरमध्ये हीच भिंत आपण होऊन सांगत होती की पाणी कुठून शिरते. हा प्रसंग आम्ही आधी ओळखला असल्याने आदल्या संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावरून छिद्रे पाडलेले पाइप लावून पश्चिमेच्या भिंतीवर चार तास पाणी सोडले होते, त्यासाठी टँकर मागवावा लागला. त्या कृत्रिम पावसाने खिडक्यांच्या उंबरठ्यांखाली, वातानुकूलन यंत्रांच्या कंसांसाठी पाडलेल्या भोकांभोवती आणि तुळई व विटकाम यांच्या सांध्यावर थंड पट्टे उमटले. पण वाऱ्यासह आडवा मारणारा पाऊस आणि वरून ओघळणारे पाणी एक नव्हे, आणि अहवालात आम्हाला ते स्पष्ट लिहावे लागले.

जे हाती लागले

अठराव्या मजल्यापर्यंतच्या पश्चिम भिंतीत सुमारे एक-पंचमांश भागाचे प्लास्टर पोकळ असल्याचे दिसले. ड्रोनने दाखवलेल्या चोवीस जागा झुल्यावरून हातोडीने ठोकून पाहिल्या. वीस खरोखर पोकळ निघाल्या. चारांपैकी दोन जागी जुन्या डागडुजीचा वेगळा रंग होता आणि दोन जागी पाण्याच्या नळाची सावली. उलट छज्जांच्या सावलीतल्या तीन पोकळ जागा कॅमेऱ्याने टिपल्याच नव्हत्या. ड्रोन हातोडीची जागा घेत नाही, ती कुठे मारायची ते सांगतो, एवढाच याचा अर्थ. वरच्या चार मजल्यांवर झुल्याने शोधलेले प्रमाण अधिक होते, आणि तिथे गळतीचे मुख्य कारण प्लास्टर नसून गच्चीच्या कठड्याखालचा उघडलेला सांधा निघाले. ते कुठल्याही कॅमेऱ्याला समोरून दिसले नसते.

कंत्राटदाराचे संपूर्ण भिंतीचे अंदाजपत्रक समितीने परत केले आणि मोजलेल्या क्षेत्रफळावर नवी निविदा काढली. दुरुस्ती निधीतून भागले, सदस्यांवर वेगळी वर्गणी बसली नाही. मे अखेरीस पश्चिमेची बाजू पूर्ण झाली.

चित्रणाची मूळ प्रत असलेली हार्ड डिस्क संस्थेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात आहे आणि तिची नोंद सभावृत्तात केलेली आहे. ती किती वर्षे ठेवायची यावर ठराव झालेला नाही. पुढच्या परीक्षणाशी तुलना करण्यासाठी पाच वर्षे ठेवावी असे आमचे मत आहे, बाराव्या मजल्यावरील सदस्यांचे मत एक वर्ष असे आहे.

एप्रिलमध्ये शेजारच्या संस्थेचे अध्यक्ष सचिवांकडे आले. त्यांना तीच पाहणी, त्याच कंपनीकडून, पावसाळ्याआधी हवी होती, आणि परवानगीपत्राची प्रत मिळाल्यास ‘त्यावरच काम भागेल’ अशी त्यांची समजूत होती. सचिवांनी प्रत दिली, पण सोबत हेही सांगितले की पत्रात ज्या आदेशाचा क्रमांक आहे तो आदेश केव्हाच संपला असून त्यानंतर नवा निघाला आहे, आणि तो संपेल तेव्हा आणखी एक निघेल. त्यांनी अर्ज केला तो मे महिन्यात, सीमेवरच्या तणावामुळे बंदोबस्त अधिकच कडक झालेला असताना. त्या इमारतीची पाहणी अखेर झुल्यानेच झाली.